पोचल्याचा निरोप

"पोचल्या का गं अनसूयाबाई?" समोरच्या घरातल्या शांताताईंनी फोनवर विचारलं, आणि शामलाच्या तोंडून निघून गेलं, "हो, पोचली." "बरं झालं बाई. मग काढते केर," शांताताई म्हणाल्या आणि फोन बंद झाला. तो बंद झाल्यावर विमानतळावरच्या आपल्या कामाच्या खोलीतून शामलाचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. काचेपलीकडे जानेवारीचं उरलंसुरलं धुकं होतं आणि त्या धुक्यात, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर, विमान उभं होतं. शिडी लावलेली, मागच्या पोटाचं झाकण उघडं. चौथ्या रांगेत खिडकीशी आई बसलेली. आपणच तर बसवून आलो तिला मघाशी, पायाशी पिशवी ठेवून, शाल गुडघ्यांवर पसरून. आणि समोरच्या पडद्यावर त्याच विमानाच्या आकड्यापुढे हिरवी ओळ उमटली होती: बंगळूर, चाकं टेकली. शामलानं पडद्याकडे बघितलं, विमानाकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे. दोन्ही आपापल्या जागी ठाम होती. एखाद्या लग्नघरात दोन म्हाताऱ्या एकमेकींसमोर उभ्या राहून वेगवेगळा मुहूर्त सांगतात आणि पोरीबाळी मधे अक्षता मुठीत धरून नुसत्या बघत राहतात, तशी ती बघत राहिली.

तिनं घाईनं शांताताईंचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. शांताताई केर काढताना पदर कमरेला खोचतात आणि फोन आपल्या घरी विसरतात, हे तिला ठाऊक होतं. किल्ली तीच देऊन आली होती सकाळी. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचल्याचा निरोप येईपर्यंत घर झाडायचं नाही. झाडलं की गेलेल्याची पावलं निघून जातात आणि मग त्याला माघारी यायची वाट सापडत नाही. शामला परीक्षेला भोपाळला गेली होती तेव्हा घराखालच्या, नई सडकेवरच्या दुकानात फोन करून तिनं निरोप ठेवला आणि दुकानदार तो सांगायला विसरला. घर तसंच राहिलं. शेंगांची टरफलं, शिवणाच्या चिंध्या, पायाखाली करकरणारी कचकच. बाबा म्हणाले होते, "अगं, या धुळीत बसून जेवायचं का माणसानं?" आणि आई म्हणाली होती, "बसा की. पोरीची पावलं आहेत ती, खरकटं नव्हे." हे शामलाला बाबांनीच सांगितलं, ती परत आल्यावर, हसत. आई मात्र तिला दारात बघताक्षणी केरसुणी घेऊन वळली होती. एक शब्द न बोलता सगळं घर झाडून काढलं होतं तिनं, आणि शामला बॅग हातात धरून उंबऱ्यातच उभी होती.

घंटी थांबली. म्हणजे आता उशीर झाला असेल. किंवा नसेलही झाला. आज काय झालंय आणि काय व्हायचंय याचा क्रमच लागेना. पूर्वी असं नव्हतं. पूर्वी आधी खिडकी असायची, मग भिंतीवरचं घड्याळ, मग पेन. विमानाचं दार मिटलं की बघायचं आणि लिहायचं; चाकाखालचे ठोकळे काढले की बघायचं आणि लिहायचं; विमानानं जमीन सोडली की लिहायचं आणि पुढच्या गावाला कळवायचं. वैमानिकासमोरचे ते पडदे, ते चमकणारे आकडे, ते सगळं परक्याचं देवघर होतं. त्यातली यंत्रं वैमानिकाशीच बोलत. शामलानं उंबऱ्यापर्यंत जायचं, हातानं काढलेला भाराचा कागद द्यायचा. किती माणसं पुढे, किती मागे, कुठल्या कप्प्यात किती सामान, म्हणजे विमानाचं नाक जड होणार नाही की शेपूट लोंबणार नाही. वैमानिक कागद बघणार, सही करणार, एक प्रत तिला परत देणार. त्या कागदावरची तिरकी रेघ ती पट्टी लावून ओढायची तेव्हा आई शेजारी बसून बघायची कधीकधी, कारण सुरुवातीला शामला घरी सराव करायची. आईच्या आजोळी जातं होतं; जातं राहिलं तिकडेच, ओव्या मात्र आईबरोबर ग्वाल्हेरला आल्या आणि शिवणयंत्राच्या पायट्यावर चालू राहिल्या. नवीन काही दिसलं की आई ते ओवीत घालून बघायची, डब्यात बसतं का बघावं तसं.

*पांढरं गं विमान, त्याला ना डोळा ना पापणी*
*लेक माझी सांगे वाट, हाती कागद लेखणी*

"आई, वाट मी नाही सांगत. मी नुसतं वजन करते," शामला म्हणायची. मग आई थोडा वेळ सुईदोऱ्याशी खेळायची आणि म्हणायची:

*लोखंडाच्या पाखरा, तुझं वजन किती किती*
*माझ्या गं शामलाचे, हात तराजू तोलती*

मग दोन विमानकंपन्यांची एक झाली. कागदावर लवकर झाली, माणसांत हळूहळू, आणि यंत्रांत अजून होतेच आहे. जुन्या कंपनीची विमानं, नव्या कंपनीचे आकडे, दोघींच्या दोन सवयी. एका ताटात जेवायला बसवलेल्या सवती. विमानातली यंत्रं कंपनीच्या जाळ्याला जोडली गेली. आता विमान स्वतःच बोलतं. दार मिटलं की त्याचं त्याला कळतं, ते सांगतं. ब्रेक सुटला की सांगतं. चाकांवरचा भार गेला की सांगतं, पुन्हा आला की सांगतं. तो निरोप हैदराबादच्या एका मोठ्या खोलीत जातो, तिथून पडद्यांवर, तिथून लोकांच्या हातातल्या फोनवर. भाराचा कागदही त्याच खोलीत बनतो आणि वरच्या वर वैमानिकासमोर उमटतो. शिडी नको, उंबरा नको. परिपत्रक आलं होतं: ठाण्यावरच्या कर्मचाऱ्यांनी यापुढे प्रत्यक्ष पाहून वेळा कळवू नयेत. शामलानं ते वाक्य पुन्हापुन्हा वाचलं होतं. त्यात चूक काहीच नव्हती. डोळे खरंच कधी मागेपुढे लिहायचे. पण त्या दिवसापासून खिडकीकडे बघताना तिला थोडं चोरट्यासारखं वाटू लागलं, आणि मग हळूहळू ती बघेनाशीच झाली. आधी पडदा वाचायचा, मग बोलायचं. मघाशी शांताताईंना तिनं तेच केलं होतं. निदान तसंच असावं.

दार ढकलून तुकोजीराव आत आले. सामान चढवणाऱ्या टोळीचे ते मुकादम. आजोबा शिंदेशाही फौजेत होते हे आठवड्यातून एकदा तरी सांगायचे. मफलर कानावरून सोडवत त्यांनी पडद्यात डोकावलं आणि मोठ्यानं हसले.

"काय ओ शामलाताई, ये क्या है? बंगलोरला उतरलं? म्हणजे मी आत्ता हितनं बंगलोरच्या विमानात पेट्या ठेवून आलो? हात बघा माझे, केवढे लांब झाले!"

"दुसरंच कुठलं तरी उतरलं असणार तिथे, तुकोजीराव. सकाळपासून आपलं धुक्यामुळे रखडलं, तोवर जुन्या कंपनीचं एक तिथे टेकलं आणि त्याचा निरोप आपल्या आकड्यावर येऊन पडला."

"म्हणजे बाळ एकीचं, बारसं दुसरीचं." त्यांनी हात चोळले. "पण आईसाहेब तर आत बसल्यात ना?"

"बसल्यात."

तेवढ्यात रेडिओ खरखरला. वैमानिकाचा आवाज थकलेला होता, पण त्यात गंमत होती. "ग्वालियर, मेरे पैनल पर आ रहा है कि मैं बेंगलुरु पहुँच गया. मैडम, ज़रा खिड़की से देखिए, मैं दिख रहा हूँ?"

"दिख रहे हैं, सर," शामला म्हणाली. "थोड़े-थोड़े."

"चलिए, शुक्र है. लोडशीट नहीं आई मेरे पास."

कशी येणार. उतरलेल्या विमानाला भाराचा कागद कोण पाठवेल. तिनं हैदराबादला फोन लावला. तिकडचा मुलगा फार सभ्य होता. त्यानं दोनदा आकडा विचारून घेतला, मागे अनेक माणसांच्या बोलण्याचा समुद्रासारखा आवाज येत होता, आणि मग तो म्हणाला, "मैम, ये फ़्लाइट तो क्लोज़ हो चुकी है. आपके यहाँ जो खड़ा है, वो क्या है?"

जे उभं आहे ते काय आहे? विमान आहे, त्यात माझी आई आहे, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. त्याच्याकडे ते भरायला जागाच नव्हती. तो म्हणाला, क्लोज़ झालेलं उघडायला वरच्यांची परवानगी लागते, वेळ लागेल, तोवर तुम्ही जुन्या पद्धतीनं हातानं कागद बनवून द्या, मैम, आपको तो आता होगा. त्याचा आवाज ऐकताना तिच्या मनात आलं, पुढच्या महिन्यात याच्या शेजारची खुर्ची आपली असणार. ग्वाल्हेरचं तिचं काम संपलं होतं. तिची निवड त्या मोठ्या खोलीत झाली होती, जिथून कुठलंच विमान दिसत नाही आणि सगळी विमानं असतात. राहायला दोघींत एक खोली, पाळ्या रात्रीच्या, आईला तिथे न्यायची सोय नव्हती. न गेलं तर नोकरी नव्हती. सेहेचाळीसाव्या वर्षी लग्न न झालेल्या बाईनं नई सडकेवरच्या दुसऱ्या मजल्यावर आईसोबत बसून करायचं काय, हा प्रश्न कोणी तोंडावर विचारला नव्हता, पण धाकट्या भावानं, रमाकांतनं, बंगळूरहून फोन करून सांगितलं होतं, "ताई, आईला मी नेतो. लिफ्ट आहे, बाग आहे, आमची सरोजिनीपण घरीच असते. तू टेन्शन मत ले." आणि आई? आईनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. लोणच्याच्या बरण्या रिकाम्या करून धुऊन उपड्या घातल्या, एवढंच. त्या उपड्या बरण्यांतून शामला रोज वाट काढत होती, आणि तिला कळत नव्हतं की आपण आईला पाठवतोय, की आई आपल्याला.

रमाकांतचाच फोन आला. "ताई, अ‍ॅपवर लँडेड आलंय कब का. मी गेटवर उभा आहे. सगळे बाहेर आले, आई नाही आली. व्हीलचेअर सांगितली होतीस ना? कहाँ रह गई?"

"रमाकांत, ती इथे आहे."

"इथे म्हणजे?"

"ग्वाल्हेरला. विमान अजून हललंच नाही."

मग तो म्हणाला, "मग उतरलं ते काय?" अगदी हैदराबादच्या मुलासारखंच. ती त्याला समजावू लागली, आणि मधेच दुसरा फोन आत येऊ लागला. नाव उमटलं: आई.

"शामा," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी जवळून आला. जवळच तर होती. "मी कुठे आहे गं?"

"विमानात आहेस, आई."

"ते दिसतंय मला. विमान कुठे आहे?"

"इथेच. माझ्यासमोर."

"मग शांताचा फोन आला होता. म्हणाली, पोचलात ना, आता निवांत व्हा, घर झाडून घेतलं, पुसूनपण घेतलं, फिनेल टाकून. मी म्हटलं, कुणी सांगितलं पोचले म्हणून? तर म्हणे, शामलानं. तू सांगितलंस?"

"हो."

"मी समोर दिसत असताना?"

काचेपलीकडे विमानाच्या खिडक्यांची रांग दिसत होती, चौथी कुठली ते धुक्यात मोजता येत नव्हतं. आई तिथून या इमारतीकडेच बघत असेल. तिलाही काचच दिसत असेल.

"माझ्या पाठीवर केर काढला गं," आई म्हणाली. रागानं नाही. डबा उघडल्यावर आत साखर नाही मीठ आहे हे कळावं, तशी. "अजून मी गावाबाहेर गेले नाही. मला उतरव, शामा. अशी नाही मी जाणार."

फोन ठेवल्यावर शामला खुर्चीवर बसली. बसल्यावर तिला वाटलं आपण उभ्याच आहोत. उतरवायला फारसं काही लागत नव्हतं. दार उघडंच होतं. आई उतरली की तिची बॅग उतरवायची, एक माणूस कमी लिहायचं, आणि घरी जायचं, पुसलेल्या घरात, आणि उद्या हैदराबादला कळवायचं की येणं जमत नाही. हे इतकं सोपं दिसत होतं की तिला त्याची भीती वाटली. 'हो, पोचली' हे दोन शब्द तोंडातून निघाले तेव्हा डोळे नक्की कुठे होते? पडद्यावर. पण खिडकी तर पडद्याच्या मागेच आहे, पडद्याच्या कडेवरून ते पांढरं दिसतंच होतं सारखं. दिसत असताना बोललो, की बोलल्यावर दिसलं? तिला वाटलं, कित्येक दिवस आपण मनात एवढंच मागत होतो की मधला तेवढा तुकडा कोणीतरी कापून टाकावा: आईनं शिडी चढायचा, तिनं मागे वळून बघायचा किंवा न बघायचा, रिकाम्या घरात शिरायचा. एकदम आई तिथे पोचलेली असावी, रमाकांतच्या बागेत, शाल पांघरून. पडद्यानं तेच लिहून दाखवलं आणि आपण त्याला हो म्हटलं. पण मग लगेच उलटं वाटू लागलं. शांताताई विचारणार, आपण हो म्हणणार, त्या केर काढणार, आणि त्या केराचं ऐकून आई बसल्या जागेवरून उठणार. इतकं लांबचं गणित आपल्याला क्षणात सुटलं असेल का? माणसाचं मन असं आपल्या नकळत रेघा ओढत बसतं का, पट्टी लावून? ती उत्तर शोधू लागली तसं धुकं आत आल्यासारखं झालं, कपाळाच्या आत, थंड आणि ओलसर, आणि त्यात दोन शामला लांब लांब उभ्या होत्या आणि एकीचा चेहरा दुसरीला दिसत नव्हता.

"ताई," तुकोजीराव हळूच म्हणाले. आता ते हसत नव्हते; फोनवरचं त्यांनी ऐकलं होतं. "आईसाहेबांची बॅग काढायची असंल तर आत्ताच सांगा. मागचं झाकण लावलं की फिर मुश्किल."

"थांबा जरा. लावू नका अजून."

तिनं कोरा भाराचा कागद काढला. पट्टी घेतली. हातांना सगळं आठवत होतं. आठवायला डोकं लागतच नव्हतं, आणि ते बरंच होतं. सामान, पुढचा कप्पा, मागचा कप्पा, इंधन. माणसं. नियमानं प्रत्येक मोठं माणूस पंचाहत्तर किलोचं धरायचं. आई एक्केचाळीस. गेल्या महिन्यात पडाव भागातल्या डॉक्टरांकडे काट्यावर उभी राहिली तेव्हा आई म्हणाली होती, "काटा हललाच नाही की काय?" कागदावर तीसुद्धा पंचाहत्तरच होती. तिच्यातलं नसलेलं वजनही विमान नेणार होतं, किंवा नेणार नव्हतं. माणसांच्या चौकटीत तिनं आकडा लिहिला नाही. सत्तर की एकोणसत्तर, एवढ्यासाठी जागा मोकळी ठेवून ती बाहेर पडली. डांबरावर धुकं घोट्यांपर्यंत आलं होतं. हवाई दलाच्या बाजूनं एक लढाऊ विमान न दिसता गेलं आणि त्याचा आवाज पोटात घुमत राहिला. किती दिवसांनी ती ही शिडी चढत होती कामासाठी. पायऱ्या ओल्या होत्या.

वैमानिकानं कागद गुडघ्यावर ठेवून वाचला. "अरे वाह. बरसों बाद देख रहा हूँ ये लकीर." मग त्याचं बोट मोकळ्या चौकटीवर थांबलं. "कितने, मैडम?"

"दो मिनट, सर."

आई खिडकीशी तशीच बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन, उठायच्या तयारीत. शेजारचा माणूस न सांगता उठून उभा राहिला. शामला त्याच्या जागेवर टेकली.

"आलीस? चल मग," आई म्हणाली.

"आई, विमान आता निघतंय. खरंच निघतंय."

"मघाशीपण खरंच पोचलं होतं."

"चुकलं माझं."

"चुकलं का?" ताप आहे का बघायला कपाळावर हात ठेवावा, तशी आईची नजर तिच्यावर टेकली. "मी उतरले तर तू हैदराबादला जाणार नाहीस, हो ना?"

"नाही जाणार."

"आणि नाही उतरले तर जाशील."

शामलानं मान हलवली. ती हो होती की नाही, तिलाच कळलं नाही. आईला कळली असावी.

"मुद्दाम काढायला लावलास का गं केर?"

मागे कोणीतरी खोकलं. कोणीतरी फोनवर कुणाला तरी सांगत होतं, नहीं यार, अभी यहीं खड़े हैं, पता नहीं क्यों. शामलाला एक चांगलं उत्तर द्यायचं होतं, आईला मिठीत घेता येईल असं. "मला कळत नाही, आई," ती म्हणाली. "मघापासून शोधतेय. मला खरंच कळत नाही."

आईनं खिडकीकडे तोंड वळवलं. मग हसली, ओठ न उघडता, नाकातून, शिवताना टाका चुकल्यावर हसायची तशी. "एवढं मोठं धूड तोलतेस तू," ती म्हणाली, "आणि हे नाही तोलता येत? मलापण नाही येत, शामा. मघापासून तेच करत बसलेय मी इथे. उतरावं म्हटलं की पाय उठत नाहीत, बसावं म्हटलं की जीव बसत नाही. शांतानं केर काढला तेव्हा बरंच वाटलं क्षणभर. म्हटलं, चला, निमित्त झालं." तिनं पिशवी खाली ठेवली, पायानं पुढच्या खुर्चीखाली सरकवली. आणि कमरेशी चाचपत म्हणाली, "हा पट्टा बघ गं जरा. त्या मुलीनं लावलाय, पण ढगळ आहे. यातून निसटून जाईन मी."

शामलानं पट्ट्याचं टोक धरलं आणि ओढलं. तो आला. अजून ओढलं, अजून आला. आई इतकी बारीक आहे हे तिला आकड्यानं माहीत होतं, हाताला आत्ता कळत होतं. शालीखालून कमरेची हाडं लागली. ती ओढत राहिली आणि उरलेल्या पट्ट्याची शेपटी आईच्या मांडीवर लांब लांब होत गेली. तिच्या मनात आलं, मी हे करतेय. पडदा नाही, हैदराबाद नाही, मीच. आणि तिचे हात थांबले नाहीत.

"बास," आई म्हणाली. "आता नाही निसटत."

तिनं शामलाच्या हातावर हात ठेवला आणि लगेच उचलला, जणू तव्यावरची पोळी बघितली. शेजारचा माणूस अवघडून उभाच होता. शामला उठली. पुढे येऊन तिनं वैमानिकाच्या हातातला कागद घेतला आणि मोकळ्या चौकटीत सत्तर लिहिलं. आकडा जरा वाकडा आला. "सब के सब, सर," ती म्हणाली. त्यानं सही केली, एक प्रत तिला दिली. खाली तुकोजीराव झाकणाशी थांबले होते. तिनं हात खाली केला तसं त्यांनी झाकण लावलं आणि काही विचारलं नाही.

विमान वळलं, धुक्याच्या कडेपर्यंत गेलं आणि दिसेनासं झालं. मग नुसता आवाज आला, वाढला, वर चढला, पातळ झाला. शामला डांबरावरच उभी होती. खोलीतल्या पडद्यावर काहीच झालं नसणार हे तिला ठाऊक होतं. त्या जाळ्याच्या लेखी ते विमान कधीच पोचलं होतं. आता त्याची चाकं सुटली काय नि टेकली काय, विमान सांगेल, पण ऐकणारं कोणी नव्हतं. हवाई दलाच्या टॉवरला ते दिसत असेल, वाटेतल्या सगळ्या टॉवरना दिसेल, पण टॉवर घरच्यांना फोन करत नाहीत. एकोणसत्तर माणसं आणि पंचाहत्तर किलोची एक बारीक बाई, वर कुठेतरी, ऊन लागत असेल आता तिला खिडकीतून. तिचे हात दुखत होते. बोटांवर पट्ट्याचे वळ उठले होते.

फोन वाजला. "ताई," रमाकांत म्हणाला, आणि त्याचा आवाज लहानपणी हरवल्यावर यायचा तसा आला, "इथे बोर्डावरून विमानाचं नावच काढून टाकलं. काउंटरवाली म्हणते, वो तो कब की आ चुकी. आई कुठे आहे आता?"

शामलानं वर बघितलं. धुकं होतं, आणि धुक्याच्या वर नुसता एक उजेड.

"तू तिथेच उभा राहा," ती म्हणाली. "कोणी काहीही सांगितलं तरी हलू नकोस. बोर्डाकडे बघू नकोस, फोनमध्ये बघू नकोस, दाराकडे बघ. वेळ लागेल. दिसली की मला सांग." तिला वाटलं बोलणं संपलं, पण ओठ पुन्हा उघडले. "कशी दिसते तेही सांग."